पंख्याखालची चिप

१

मेलेल्या पोराच्या कॉम्प्युटरमधून कुणीतरी चिप काढून नेली होती, आणि ज्यानं ती नेली त्यानंच पोराला मारलं, असं त्या पोराच्या बापाचं म्हणणं होतं.

बाप म्हणजे गोमाजी ठोंबरे, खालापूरच्या बाजूचे भातशेतीवाले. बैलांची जोड जमवावी तर गोमाजींनी, असं आसपासच्या गावांत अजून म्हणतात. शनिवारी सकाळी रिक्षातून उतरले. कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून छातीशी धरलेला. मागून त्यांचा पुतण्या राजेश.

"माधवीताई, हा तुमीच बनवला होता ना?"

मीच. कर्जतच्या बाजारात एकवीस वर्षं मी कॉम्प्युटर जोडते आणि दुरुस्त करते. माझं नाव माधवी कडू. जीभही आडनावासारखीच आहे असं गिऱ्हाइकं तोंडावर सांगतात, आणि तरी येतात. मे महिन्यात, त्यांच्या मुलीच्या लग्नाआधी, गोमाजींचं आणि माझं याच दुकानात वाजलं होतं. त्यानंतर ते आज आले.

"बसा भाऊ. ऋषीचं कळलं मला. यायला हवं होतं, आले नाही. चुकलंच."

ते बसले नाहीत. गोधडीची गाठ सोडत राहिले.

ऋषिकेश सव्वीस वर्षांचा होता. मोहोपाड्याला कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर पाणी बनवायचा. म्हणजे खरं वाटेल असं हलतं पाणी, धबधबा, पूर. मुंबईच्या एका स्टुडिओनं त्याच्याकडे एका मिनिटाची फिल्म मागितली होती, जानेवारी संपायच्या आत. आवडली तर नोकरी. सतरा जानेवारीला पहाटे कामावर जाताना त्याची गाडी चौक गावाजवळ उभ्या ट्रेलरवर आदळली. पोलिसांनी लिहिलं, चालवताना झोप लागली.

"झोप का लागली?" गोमाजी म्हणाले. "मशीन हळू झाली होती. सारखं उठून बघायला लागायचं. दोन-तीन महिने पोर धड झोपला नाय. मी त्यालाच बोललो, येवढा वेळ बसतोस नि काम होत नाय, आळशी हायस. माझ्या त्वांडानं बोललो, ताई. आणि आता हा राजेश सांगतो, आतला माल बदललाय."

राजेशनं माझंच बिल पुढं केलं. "काकांनी मशीन मला दिली. चालू केली तर स्क्रीनवर चिपचं नाव वेगळंच. बिलात आठ कोअर, आत चार."

कोअर म्हणजे चिपमधली कामकरी माणसं समजा. आठांचं काम चारांवर आलं तर काय होणार!

"सायनाथ यायचा नेहमी," राजेश म्हणाला. "ऋषीचा दोस्त. त्यालाच उघडता येतं."

गोमाजींनी खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. सायनाथविरुद्ध, चोरीचा. "त्याचं रेल्वेत झालंय. सोमवारी पोलीस गावात येणार, नोकरीसाठी त्याची चौकशी करायला. त्याच टायमाला देतो हातात. जाऊ दे त्याची नोकरी. माझा पोर गेला."

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा," मी म्हणाले. "मशीन माझ्याकडे ठेवा. चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

"आणि त्योच चोर निघाला तर?"

"तर अर्जावर साक्षीदार म्हणून माझी सही घ्या."

बोलून बसले. माझं हे असंच असतं.

२

डबा उघडला आणि पहिल्याच नजरेत मला राग आला. चोराचा नव्हे, गोंधळाचा.

कॉम्प्युटर जोडणं म्हणजे भारी भारी भाग एका डब्यात कोंबणं नव्हे. चित्रं रंगवणारं कार्ड दांडगं आणि हिशेब करणारी चिप मरतुकडी असली की कार्ड नुसतं हात चोळत बसतं. चिपकडून काम येईल तेव्हा ते करणार. म्हणून मी ऋषीच्या मशीनमधला प्रत्येक भाग दुसऱ्याच्या तोलाचा बसवला होता. त्याला तर चिप चांगलीच हवी होती, कारण पाण्याचा थेंब न् थेंब कुठं जाईल हा हिशेब चिपच करते.

आता बघा. कार्ड जागेवर होतं. ते सगळ्यात महाग आणि दोन मिनिटांत निघतं. चिप मात्र पंख्याखाली असते. चार स्क्रू काढा, पंखा उचला, चिकटलेली पेस्ट पुसा, तेव्हा कुठं ती दिसते. महाग ते ठेवून अवघड ते नेणारा हा कुठला चोर? आणि वर दुसरी चिप बसवून, ताजी पेस्ट लावून, स्क्रू नीट आवळून जाणारा? चोर मागं काही ठेवून जात नाही हो.

ही चोरी नव्हतीच. अदलाबदल होती. मग कुठंतरी दुसरं एक मशीन असणार, ज्यातून ही चार कोअरची चिप निघाली आणि ज्यात ऋषीची आठ कोअरची गेली.

"राजेश, तुझ्याकडे कॉम्प्युटर कोणता?"

"लॅपटॉप आहे. बघा ना, हाच."

बघितला. लॅपटॉपची चिप बोर्डालाच डाख दिलेली असते, बदलता येत नाही. हे मशीन त्याला गेम खेळायला हवं होतं हे खरं, पण चिप बदलून त्याचा काहीच फायदा नव्हता. शिवाय त्यानंच बोंब मारली होती. राजेश सुटला.

दोघं गेल्यावर मी मशीन चालू केलं. ऋषीनं एक वही ठेवली होती, कॉम्प्युटरमध्येच. रोज किती काम झालं आणि त्याला किती वेळ लागला.

बावीस ऑक्टोबर, साडेतीन तास. तेवीसला काही नाही. चोवीस ऑक्टोबर, तेवढ्याच कामाला दहा तास. पुढं मग दहा, अकरा, दहा, साडेअकरा, थेट सोळा जानेवारीपर्यंत.

म्हणजे चिप बदलली तेवीस ऑक्टोबरला. पोरगा जिवंत असताना. मशीन एका दिवसात तिप्पट हळू होतं आणि हा पोरगा एका अक्षरानं तक्रार लिहीत नाही? जरा पंखा वाजला तरी धावत माझ्याकडे यायचा, "ताई, हे कसलं मशीन दिलंत," म्हणून भांडायचा. या वेळी आला नाही.

कारण चिप कुणी काढली हे त्याला माहीत होतं.

३

रविवारी सकाळी स्कूटर घेऊन सायनाथच्या घरी गेले. पडवीत एकटाच बसला होता. सडपातळ पोरगा, डोळे खोल गेलेले. मला बघून उठला.

"काकांनी पाठवलं ना?"

"मी आपली आपण आले. तुझं मशीन दाखव."

दाखवलं. त्याचा बोर्ड दुसऱ्याच कंपनीचा, खाचाच वेगळ्या. ऋषीची चिप त्यात बसली नसती आणि त्याची ऋषीच्या मशीनमध्ये बसली नसती. माझा जीव भांड्यात पडला. तरी विचारणं भाग होतं.

"सायनाथ, ऋषीची चिप कुणी काढली, तुला माहीत आहे?"

तो खाली बसला. मग म्हणाला, "माहीत हाय."

"मग बोल की रं बाबा! उद्या तुझी चौकशी आहे. काका अर्ज घेऊन बसलेत."

"नाय सांगणार, ताई."

"अरे, नोकरी जाईल. चोर म्हणून नाव लागेल जन्माचं."

"ऋषीला शब्द दिलाय मी. तो असता तर त्याच्याशी भांडून सोडवून घेतला असता. आता कुणाशी भांडू?" आणि तो रडायला लागला. पंचवीस वर्षांचा बाप्या, गुडघ्यात डोकं घालून. "मी त्याला सांगत होतो, नवी घे, मी अर्धे घालतो. म्हणाला, पुढच्या बोनसला घेऊ. थोडी झोप गेली तर काय मरतो का?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला लोकांना समजावता येत नाही, ओरडता तेवढं येतं. तरी बसले. निघताना एवढंच विचारलं, "तेवीस ऑक्टोबरला तू कुठं होतास?"

तो दचकला. "बहिणीकडं," म्हणाला, आणि लगेच तोंड फिरवलं.

४

दुकानात आले. भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर अजून लटकत होतं, नव्याच्या खाली. कंटाळा, दुसरं काय. उलटून ऑक्टोबर काढला.

तेवीस तारखेला भाऊबीज.

मला भाऊ नाही. म्हणून ती तारीख मला दिसली नाही, एरवी कुठल्याही बाईला आदल्या दिवशीच दिसली असती. त्या दिवशी सायनाथ त्याच्या बहिणीकडे गेला होता. मग ऋषी कुठं असणार? हर्षलाकडे, नेरळला. त्याची मोठी बहीण, मे महिन्यात लग्न झालेली.

दुपारी नेरळ गाठलं. नव्या सोसायटीत तिसरा मजला. हर्षलानं दार उघडलं आणि मला बघून तिचे डोळे भरले. "ऋषी तुमच्याबद्दल फार बोलायचा. खडूस आहे पण मशीन लावावं तर तिनंच, म्हणायचा."

हर्षला घरी बसून एका इंटिरियरवाल्यांची चित्रं काढायची. खोलीत टेबलावर तिचा कॉम्प्युटर. काचेचा डबा, आत निळे-जांभळे दिवे पळताहेत, नवरात्रातल्या मंडपासारखे. आणि आत हे भलंमोठं कार्ड.

"बाबांनी दिलाय. रुखवतात मांडला होता." ती जरा हसली. "सगळा मांडव बघायला आला होता. लाडू-करंज्यांकडे कुणी ढुंकून बघेना. बाबांची छाती अशी फुगली होती!"

"चालतो चांगला?"

"आता पळतो. सुरुवातीला रडवलं त्यानं. एक चित्र काढायचं तर दुपार जायची. नोकरी नवीन, साहेब ओरडायचे. सासूबाई म्हणायच्या, माहेरचं नुसतं झगझगीत. परत पाठवणार कसा? मांडवात मांडलेलं परत पाठवलं तर बाबांची मान खाली. मी कुणालाच बोलले नाही, फक्त ऋषीला."

"मग?"

"भाऊबीजेला आला आणि म्हणाला, धूळ साचलीय, साफ करतो. मला चहा करायला पाठवलं. तेव्हापासून बघा, काही तक्रार नाही. नोकरीत कायम झाले." तिनं पदरानं काचेवरचा डाग पुसला. "त्याचा हात लागलाय म्हणून मी याला कुणाला हात लावू देत नाही."

तिनं दिलेला चहाचा कप अर्धा भरलेलाच होता. मी खाली ठेवला.

कपाटावर रिकामी खोकी रचून ठेवली होती. रुखवतात तीही मांडली होती म्हणे, नावं दिसावीत म्हणून. त्यातलं एक लहानसं खोकं चिपचं. त्यावर नंबर छापलेला असतो आणि तोच चिपच्या पाठीवर कोरलेला असतो. "वॉरंटीसाठी बघते हं," म्हणून मी फोटो काढला. तिनं काही विचारलं नाही.

दुकानात येऊन ऋषीच्या मशीनचा पंखा उचलला, चिपवरची पेस्ट पुसली आणि नंबर लावून बघितला. शेवटच्या आकड्यापर्यंत तोच होता.

५

संध्याकाळी गोमाजी आले. एकटेच. मी शटर अर्धं ओढलं आणि सगळं सांगितलं. चोरानं पंख्याखालून काढलं, पण जागा रिकामी ठेवली नाही. तारीख. भाऊबीज. खोक्यावरचा नंबर.

"चिप ऋषीनं स्वतः काढली, भाऊ. आणि हर्षलाच्या मशीनमध्ये बसवली. तिला अजून माहीत नाही."

ते टेबलावरच्या उघड्या मशीनकडे वळले.

"पण तिचा तर नवा होता. मोठं कार्ड घातलं होतं मी."

"कार्ड मोठं होतं. चिप हलकी होती."

गोमाजींना पुढचं सांगावं लागलं नाही. जन्मभर बैलांच्या जोड्या लावलेला माणूस. "दांडग्या बैलाशेजारी खोंड जुंपला मी," ते म्हणाले. "ऋषीचं बिल घेऊन गेलो होतो पनवेलच्या दुकानदाराकडं. बोललो, असाच द्या, पण दिवं पायजेत, काच पायजे, मांडवात उठून दिसला पायजे. त्यानं बोर्ड तोच ठेवला, दिसतं तिथं भारी घातलं, नि पंख्याखाली कोण बघतंय!"

"खाचा सारख्या होत्या, म्हणून ऋषीला बदलता आली."

"आदी तुमच्याकडंच आलो होतो, ताई."

आले होते. दिव्यांचा डबा मागितला होता. मी म्हणाले होते, "कॉम्प्युटर हवा की रुखवत? दिवेच हवेत तर समोरच्या दुकानातून माळ घ्या." चार गिऱ्हाइकांदेखत. ते काही न बोलता पायरी उतरले होते. दोन मिनिटं गोड बोलले असते तर तो कॉम्प्युटर मीच जोडला असता, आणि दिव्यांसकट नीट जोडला असता. ही माझी जीभ. कालपासून मी चोर शोधत होते आणि कालपासून हे मला डाचत होतं.

"चुकलं माझं, भाऊ."

त्यांनी हात हलवला, जाऊ द्या म्हणून. मग खिशातला अर्ज काढला, त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि तेच तुकडे मुठीत धरून बसले.

"हर्षलाला सांगायचं नाय."

"मग सायनाथ? राजेशनं गावभर केलंय. तुम्ही अर्ज नाही दिला तरी लोक पोलिसाला सांगणारच. कुणीतरी काढली हे सांगावंच लागेल."

"सांगतो ना. मी काढली."

"भाऊ!"

"खोटं कुठं हाय? मांडवात दिवं मीच मांडलं." त्यांनी मूठ आणखी आवळली. "ताई, एक पोर गेलं. तिला कळलं तर ती रोज त्या मशीनसमोर बसून काय करील? भावाचा जीव घेऊन नोकरी केली म्हणंल. मला शिव्या घालू दे. शिव्या घालणारी जिती तरी राहील."

मी खूप सांगून बघितलं. खरं ते खरं, आज ना उद्या बाहेर येतं, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी बोलायचं नाय. मला वचन द्या." मी दिलं.

६

सोमवारी मी गेले, न राहवून. हवालदार अंगणात खुर्चीवर बसलेला, सायनाथ हात बांधून उभा, भोवती आळीतली माणसं. राजेशनं सुरुवात केलीच, "साहेब, एक प्रकार घडलाय..."

"गप रं," गोमाजी म्हणाले. "चिप मी काढून घेतली. पोर रात्रंदिवस त्या डब्यापुढं बसायचा. म्हटलं, हळू चालला तर कंटाळून सोडील. नाय सोडला. सायनाथ सोन्यासारखा पोर हाय, साहेब. लिवा तसं."

एक म्हातारी पुटपुटली, "बापच वैरी." सायनाथनं झटकन माझ्याकडे बघितलं. त्याला खरं माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दोघांनीही माना खाली घातल्या. हवालदारानं कागदावर चांगली वर्तणूक लिहिली.

सायनाथ कामावर रुजू झाला. आळीतल्या बायका गोमाजींच्या घरावरून जाताना आवाज बारीक करतात. हर्षलानं बापाचा फोन घेणं बंद केलं. होळीला माहेरी आली नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी ती माझ्या दुकानात आली. बसली नाही. चेहरा वाळलेला, पण नजर धारदार. ऋषीचीच बहीण, डोकं तसंच चालणार.

"मी पुष्कळ विचार केला," ती म्हणाली. "बाबांना साधं मशीन बंद करता येत नाही. स्विच भिंतीवरूनच काढतात. पंखा उचलून, चिप काढून दुसरी बसवायची, हे त्यांना जन्मात जमणार नाही. मग कुणाकडून करून घेतलं? सायनाथ ऋषीशी असं वागणार नाही. राजेशला येत नाही. आमच्या ओळखीत हे येणारं एकच माणूस उरतं."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"आणि त्यासाठीच तुम्ही माझ्याकडे आला होता ना त्या दिवशी? वॉरंटी कसली बघत होता? मला काही कळलंय का, ते बघायला आलात. मी तुम्हाला चहा दिला."

एकेक कडी बरोबर जुळवली होती तिनं. फक्त आपलं स्वतःचं नाव तेवढं तिच्या यादीत नव्हतं. मी तोंड उघडलं. खरं सांगायला चार शब्द पुरले असते, आणि तिच्या हातून ते मशीन त्या दिवशीच सुटलं असतं, नोकरीही, आणि मग काय काय, देव जाणे.

"बाबांना ती चिप तुम्हीच काढून दिली ना?"

"हो," मी म्हणाले. "मीच काढून दिली."

तिनं मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं पर्स खांद्याला लावली. मग म्हणाली, "तो तुम्हाला गुरू मानायचा," आणि वळून स्टेशनच्या दिशेनं चालू लागली. ऊन रणरणत होतं, तिनं डोक्यावर पदरसुद्धा घेतला नाही.

बरोबर केलं की चूक, मला ठाऊक नाही. तिला बढती मिळाली, असं राजेश परवा सांगत होता.